उंदरांचंही ऑपरेशन करतात?

पाळलेल्या उंदरांचंही नसबंदीचं ऑपरेशन करतात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला सारखा येतो आणि येतो तो हसतच. "काय सांगता, उंदरांचीसुद्धा नसबंदी?" हसून झालं की मग खरी शंका बाहेर पडते: "अहो, दोन-अडीच वर्षांचा जीव तो. त्याला कशाला फाडायचं?"

हसण्याचं मला काही वाटत नाही. उंदीर आणि पिंजरा हे शब्द जवळ आले की लोकांना पकडायचाच पिंजरा आठवतो. फाडण्याबद्दलची शंका मात्र मीही एकेकाळी धरून होते, आणि ती चिंगीने, माझ्या पाळलेल्या उंदराच्या मादीने, सोडवली.

चिंगी दीड वर्षाची असताना एका संध्याकाळी नेहमीसारखी माझ्या तळहाताखाली सपाट होऊन पडली होती. तिच्या काखेत बोट फिरलं आणि काहीतरी अडकलं. मटाराएवढं. कातडीखाली इकडून तिकडे सरकणारं. दाबलं तर ती कुरकुरली नाही, उलट दात करकरवत राहिली. उंदीर खुशीत असले की असे दात करकरवतात. काखेत गाठ म्हणजे कुठे चावाबिवा लागून पू झाला असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली. मादी उंदराला स्तनांच्या सहा जोड्या असतात आणि त्यांच्या ग्रंथी गळ्यापासून जांघेपर्यंत, पार कुशीपर्यंत पसरलेल्या असतात, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? त्यामुळे काखेतली, खांद्यामागची, अगदी मांडीजवळची गाठसुद्धा स्तनाची असू शकते.

या गाठी बहुतेक वेळा साध्या असतात, म्हणजे शरीरात इतरत्र पसरत नाहीत. पण साधी हा शब्द फसवा आहे. दीड महिन्यात मटाराचं लिंबू झालं. चिंगीचं वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात हे लिंबू काखेत. पुढचा पाय बाहेर फेकत चालायला लागली. शिडीवर चढायचं सोडलं. गाठ काढली, आठ दिवसांत पुन्हा चढायला लागली. दोन महिन्यांनी जांघेत दुसरी. तीही काढली. तिसरी आली तेव्हा मीच नको म्हणाले.

नंतर बसून हिशेब केला. अडीच वर्षांचं आयुष्य म्हणजे तीस महिने. त्यातले सहा महिने गाठी वाढण्यात आणि टाके भरण्यात गेले, म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा. माणसाच्या मापाने मोजलं तर पंधरा वर्षं होतील. आयुष्य थोडं आहे म्हणून ऑपरेशन कशाला, असं जे म्हणतात त्यांना मी हाच हिशेब सांगते. थोडं आहे म्हणूनच तर महिना महाग.

आता या गाठींचं मूळ. त्या पोसल्या जातात मुख्यतः हार्मोनवर. बीजांडकोष लहान वयातच काढले तर खतपाणीच तुटतं. प्रयोगशाळेतल्या माद्यांवर झालेल्या एका अभ्यासात नव्वदाव्या दिवसाच्या सुमारास बीजांडकोष काढलेल्यांपैकी ४ टक्क्यांना स्तनाच्या गाठी झाल्या, न काढलेल्यांत हेच प्रमाण ४७ टक्के होतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठींतही असाच मोठा फरक दिसला. त्या गाठींनी उंदराची मान तिरकी होते, पुढच्या पायांत खाऊ धरता येत नाही. एकदा बघितलंत तर विसरणार नाही. ऑपरेशन उशिरा केलं तर फायदा कमी होत जातो. दीड वर्षाच्या मादीत गाठ सापडल्यावर नसबंदी म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

म्हणून चिंगीनंतर आलेल्या राई आणि मिरीचं ऑपरेशन मी त्या साडेतीन महिन्यांच्या असतानाच करून घेतलं.

धोका नाही असं कुणी म्हणालं तर त्या माणसाकडे जाऊ नका. २००८ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भूल दिल्यानंतर दगावलेल्या प्राण्यांचा हिशेब होता: कुत्री ०.१७ टक्के, ससे १.३९, उंदीर सुमारे २, गिनीपिग ३.८. त्यात आजारी, म्हातारे सगळे धरलेले आहेत, पण तरी शंभरातले दोन म्हणजे दोन. त्यात उंदरांची छाती जन्मजात नाजूक. बहुतेकांच्या फुफ्फुसांत मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू ठाण मांडून असतो. शिंका येत असतील, श्वासाला घरघर असेल, तर आधी ती बरी करायची, मगच भूल.

डॉक्टर निवडताना मी एक प्रश्न हमखास विचारते: "आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का?" "हो, बारा तास" असं उत्तर आलं की मी नमस्कार करून उठते. कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात ते भुलेत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. उंदराला उलटी करताच येत नाही. सशालाही नाही. उलट एवढ्याशा देहाची साखर रात्रभर उपाशी राहिल्यावर झरझर उतरते, आणि सशा-गिनीपिगांचं पोट एकदा थांबलं की पुन्हा चालू करताना नाकी नऊ येतात. म्हणजे शस्त्रक्रियेला नेताना त्यांचं खाणं बरोबर न्यायचं.

राईला घरी आणलं ती रात्र मला अजून आठवते. खोक्यात भुसा घातला नव्हता, टाक्यांत जातो. नुसते पांढरे टिश्यू पेपर. खोक्याच्या अर्ध्या भागाखाली गरम पाण्याची पिशवी. अर्ध्याच, कारण उकडलं तर तिला सरकता यायला हवं. पोटावरचे केस काढलेले, त्यामुळे ती अगदी उघडी-वाघडी दिसत होती. रात्री एकच्या सुमारास डोळ्यांभोवती लाल डाग दिसले आणि माझं काळीज लक्कन हललं. रक्त नव्हतं ते. ताण आला, दुखलं की उंदरांच्या डोळ्यांतून असा लालसर स्राव येतो. डोळे अर्धे मिटलेले आणि कान मागे वळलेले असतील तर दुखतंय समजा. वेदनाशामक सांगितलेल्या वेळेला द्यायचं, "आता बरी दिसतेय" म्हणून टाळायचं नाही. टाके कातडीच्या आत घातलेले होते, वरून गोंद. बाहेरचे टाके उंदीर शिवणकाम उसवावं तसे एकेक करून उसवतात. मिरी शेजारच्या पिंजऱ्यात, मध्ये फक्त गज, कारण मैत्रिणीची जखम चाटून साफ करायचा तिचा हट्ट. पहाटे चारला राईने चमच्यावरची पेज चाटली आणि मी झोपले.

नरांचं निराळं. नराला नसबंदीचा गाठींबाबत मादीसारखा फायदा नाही, त्यामुळे कारण असेल तरच. माझा बंडू सात महिन्यांचा झाल्यावर अंग फुगवून, तिरका-तिरका चालत भावाला भिंतीशी रेटायला लागला, आणि एकदा त्याने भावाची पाठ फाडली. त्याचं केलं. भावाचं केलं नाही, तो बिचारा गरीब गाय. नराच्या जांघेतली वाट जन्मभर उघडी असते, घाबरला की अंडकोष पोटात ओढून घेतो. ती वाट बंद करणारा सर्जन हवा, नाहीतर आतडं खाली उतरू शकतं. आणि ऑपरेशन झालं म्हणून लगेच मादीजवळ सोडू नका. नळीत शुक्राणूंचा साठा शिल्लक असतो, तीनेक आठवडे धीर धरा. मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, बावीस दिवसांत विते, आणि व्याल्यावर दिवसभरात पुन्हा गाभण राहू शकते.

बाकीच्यांचं थोडक्यात. सशिणीचं मी डोळे मिटून करा म्हणेन. चार वर्षांपुढच्या माद्यांत गर्भाशयाचा कॅन्सर फार आढळतो. गिनीपिगमध्ये भूल जास्त जोखमीची, म्हणून जोडीतल्या नराचंच करणं बरं. पोट फाडावं लागत नाही. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी; त्याची मादी माजावर आली आणि नर मिळाला नाही तर माज उतरतच नाही आणि हार्मोनने अस्थिमज्जा आटते. तिला तसंच ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.

राई मागच्या महिन्यात गेली. दोन वर्षं पाच महिने. छातीनेच गेली, तिच्या आईसारखी. "मग ऑपरेशनचा उपयोग काय झाला?" असं मला एकीने विचारलं. शेवटच्या आठवड्यापर्यंत ती शिडी चढत होती. आदल्या संध्याकाळी तळहाताखाली सपाट पडली तेव्हा सवयीने मी तिच्या काखेत बोट फिरवलं. काही लागलं नाही.