चार फुटांची पेटी आणि नागपूरचा मे

साप घेऊन कोणी माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आलं की साप कोणता, हे मी आधी बघते. आपल्या जंगलातला अजगर असेल, तर तो वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतो. तो घरी पाळणं गुन्हा आहे, आणि अशा वेळी मी सरळ वनविभागाला फोन लावते. त्या दुपारी उशीच्या खोळीतून निघाला तो मात्र बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर. आणणारा पोरगा कॉलेजात शिकणारा. परदेशी प्राणी पाळताना सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायच्या नोंदणीचा कागद त्याने मी विचारायच्या आतच टेबलावर ठेवला. बरं वाटलं, कारण बरेच जण हा विषय आला की खिडकीबाहेर बघतात.

"मॅडम, खाऊनच नाही राहिला. टॉनिक द्या ना काही."

साप साडेतीन फुटांच्या आसपास, अंगाने भरलेला. तोंड आतून स्वच्छ, श्वासाला घरघर नाही, अंगावर माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, नाहीत. पण नाकाचा शेंडा सोलवटला होता, पोटाखालचे काही खवले तपकिरी पडून कडक झाले होते, आणि कात टाकताना डाव्या डोळ्यावर पापुद्रा तसाच राहिला होता. अंगाने चांगला असलेला बॉल पायथन काही आठवडे जेवला नाही म्हणून घाबरायचं कारण नसतं. मला काळजी होती ती या तीन खुणांची. घासणं, भाजणं आणि कोरडेपणा. तिन्हींचं मूळ पिंजऱ्यात असतं, औषधाने ते जात नाही. मी म्हटलं, "टॉनिक राहू दे. आधी त्याचं घर दाखव, आत्ताच्या आत्ता."

आत्ताच, कारण दुपारचे तीन वाजले होते आणि महिना मे. मानेवाड्यात त्यांचं दुमजली घर. वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली, पश्चिमेच्या भिंतीला लागून माशांचा दोन फुटांचा काचेचा टँक ठेवला होता. वर जाळीचं झाकण. पिल्लू असताना त्यात ते छान मावायचं. खाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, आणि ती ठराविक तापमानाला बंद करणारा थर्मोस्टॅट नाही, दिवसरात्र चालू. पोराने हे आळसाने केलं नव्हतं. त्याने पाहिलेले सगळे व्हिडिओ थंड देशांतले. तिथे खोलीच वीस अंशांवर असते, म्हणून सगळा भर सापाला ऊब द्यायवर. इथे खोलीचं तापमान ३८ होतं.

मी तापमान मोजायची इन्फ्रारेड गन काढली. मॅटवरची काच ४७ अंश. टँकच्या दुसऱ्या टोकाला ३७. पोरगा दोन्ही आकडे बघत राहिला. त्याला मी समजावलं ते असं: साप घाम गाळत नाही, अंग तापवत नाही, त्याच्या हातात फक्त जागा बदलणं असतं. बॉल पायथनला एका टोकाला ३१ ते ३३ अंश हवेत आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७, म्हणजे तो हवं तेव्हा इकडून तिकडे सरकतो. दोन फुटांत हा फरक पडतच नाही, आणि या खोलीत तर पळून जायला थंड टोकच नव्हतं. खालून तापलेल्या काचेवरून साप वेळेवर उठत नाही, भाजेपर्यंत पडून राहतो. पोटाचे खवले त्यानेच गेले.

त्याची आई दारात उभी होती. "दिवसभर त्या पाण्याच्या भांड्यातच पडून राहते, अन् रात्री काचेले नाक घासून राहते. मी याले कवाचं सांगून राहिली, काहीतरी बिघडलं म्हणून." या बाई दरवर्षी पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला जातात, तिथे नागदेवाची पूजा होते. सापाची भीती त्यांना नव्हती, आणि दोन्ही लक्षणं त्यांनी अचूक टिपली होती. मालकांपेक्षा घरातली अशी माणसं मला जास्त माहिती देतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

पोराच्या डोक्यात नवा बेत तयार होता. मामाच्या बंद पडलेल्या दुकानातला सहा फुटी शोकेस, चारही बाजूंनी काच. "की तो फार मोठा होईल? मोठ्या जागेत साप घाबरते म्हणतात." मला हे म्हणणं पटत नाही. साप मोठेपणाला घाबरत नाही, उघडेपणाला घाबरतो. दोन्ही टोकांना अंग घट्ट बसेल अशा लपायच्या जागा आणि मध्ये आडोसा असेल, तर मोठी पेटी चांगलीच. पण चारी बाजूंनी काच असलेल्या शोकेसमध्ये ना आडोसा, ना ओल टिकत, ना ऊब आवरता येत. तो बेत मी तिथेच मोडला.

मग लकडगंजातल्या ओळखीच्या सुताराकडून पेटी करून घेतली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. हा साप पूर्ण वाढला तरी पुरेल. तीन बाजू आणि छत पीव्हीसी फोम बोर्डचं, म्हणजे ओलीने फुगत नाही. समोर सरकती काच, कारण वरून हात आला की सापाला शिकारी आल्यासारखं वाटतं. हवेची भोकं एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर. काचेला कुलूप सांगितलं तर सुतार म्हणाला, "कुलूप कायले, त्याले हात हायेत का?" हात नाहीत, पण जोर आहे, आणि रात्रभराचा वेळ आहे. सांधे बुजवायला लावलेल्या सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण जाईस्तोवर पेटी उघडी ठेवायला लावली.

जागेवरून खरी चर्चा झाली. मला तळमजल्यावरची उत्तरेची खोली हवी होती, ती देवघराला लागून. बाईंनीच निर्णय दिला, "तिथंच ठेवा." कूलर शेजारच्या खोलीत, वारा थेट पेटीवर न येईल असा. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटवरच्या तळाशी पक्का केला. दुपारी तीनला मोजलं तेव्हा थंड टोक २८ अंश भरलं. मेमध्ये, नागपुरात, याहून खाली आणायचा हट्ट मी धरला नाही.

भाजलेल्या जागी मलम सुरू केलं आणि जखमा भरेपर्यंत खाली साधा कागद. डोळ्यावरचा पापुद्रा चिमट्याने ओढायचा नाही, हे मी पोराला दोनदा बजावलं. एका लपायच्या डब्यात ओलं मॉस (शेवाळ) घातलं. पुढच्या कातीबरोबर तो पापुद्रा निघाला, कात एकसंध आली, आणि त्यानंतर साप जेवलाही. पोटावरचे डाग मात्र राहतील.

आता लक्ष डिसेंबरकडे. इथे रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा मॅट एकटी पुरणार नाही. छताला हीट पॅनल लागेल, जाळीच्या आत. त्याच्या वायरसाठी भोक सुताराने आधीच पाडून ठेवलंय.