मधली सीट

कोरोनामुळे थांबलेली देशांतर्गत विमानसेवा २५ मे २०२० रोजी पुन्हा सुरू झाल्यानंतरची, केबिन क्रू म्हणून माझी मुंबई-दिल्ली मार्गावरील ही तिसरी फेरी होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या १ जूनच्या आदेशानुसार मधली सीट तेव्हा शक्यतो रिकामी ठेवायची होती आणि ते जमत नसेल, तर तेथील प्रवाशाला मास्क व फेस शील्डबरोबर अंगभर गाऊनही द्यायचा होता. त्या दिवशी विमान जवळजवळ भरलेले होते, त्यामुळे गाऊनचे वाटप बराच वेळ चालले.

चौदाव्या रांगेतील काकांनी गाऊन उलटा चढवून बंदांची पोटावर घट्ट गाठ मारली आणि "शेजारचे दोघे मोकळे, मग मीच काय पाप केले?" असे विचारले. खरे सांगायचे तर मलाही तोच प्रश्न पडला होता. पीपीई सूट आणि मास्क यांच्याआडून माझा आवाज त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नव्हता, हसू तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून, अंतर राखण्याची घोषणा नुकतीच मीच केलेली असूनही, वाकून दुहेरी हातमोज्यांनी ती गाठ सोडवून दिली. तेव्हा जेवण देणे बंद असल्याने एरवी ट्रॉलीमागे होणाऱ्या दोन गप्पाही उरल्या नव्हत्या. दिल्लीला उतरताना काकांनी गाऊनची व्यवस्थित घडी घालून "हा परत करायचा का?" असे विचारले.