दारू होती रायफलची

ग्वाल्हेरच्या आमच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत लग्नसराईनंतर सीलबंद पाकिटं वाढतात. 2019 साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन हर्ष फायरिंगला, म्हणजे आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, तरी वरातीतले बार पूर्ण थांबलेले नाहीत.

त्या दिवशी उघडलेल्या पाकिटात बत्तीस बोरचं पिस्तूल होतं. शहरातल्या लष्कर नावाच्या भागातल्या एका मराठी घरातलं, परवान्याचं. नातवाच्या वरातीत आजोबांनी ते झाडलं, नळी फुगली, स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, अडकली आणि तळहाताला जखम झाली. घरच्यांचं म्हणणं एकच, पिस्तूलच सदोष आहे, काडतूस तर कंपनीचं होतं. पोलिसांनाही तेवढंच विचारायचं होतं.

नळीत उजेड टाकला तर पलीकडचं काहीच दिसेना. नळी उभी कापल्यावर दोन गोळ्या एकीमागे एक चिकटून बसलेल्या दिसल्या, आणि फुगवटा नेमका तिथेच, अंगठीसारखा गोल. म्हणजे पहिली गोळी बाहेर पडलीच नव्हती. दुसरी येऊन तिच्यावर आदळली.

मग झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घेतल्या. एकीच्या कडेवर एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या, ओरखड्यांचा एकच संच होता, ती कंपनीची. दुसरीवर दोन वेगवेगळे संच होते. ती आधी एकदा झाडली गेली होती आणि बुडाला दारू पेटवणारी नवी टोपी बसवून पुन्हा भरली होती.

मॅगझिनमध्ये उरलेल्या काडतुसांतही तशी निघाली. त्यांतलं एक मी उघडलं आणि दारू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पिस्तुलाच्या दारूत बहुतेक वेळा चपट्या चकत्या किंवा बारीक गोल दाणे असतात. इथे शेवयांच्या तुकड्यांसारख्या लांबट नळकांड्या होत्या, मधून आरपार भोक असलेल्या. रायफलची दारू! तसेच अर्धवट जळलेले तुकडे अडकलेल्या गोळीच्या मागेही सापडले.

‘बारूद म्हणजे बारूद’ हे इथे मी इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. धूरविरहित दारूचा दाणा पृष्ठभागावरून आत जळत जातो. दाण्याचा आकार आणि त्यावरचा लेप त्याचा वेग ठरवतात. शिवाय दाब वाढला की तो आणखी भराभर जळतो. रायफलची गोळी जड, पुंगळी मोठी, नळी लांब. तिथे सावकाश जळणारी दारू हवी, नाहीतर दाब एकदम चढेल. बत्तीस बोरच्या पिस्तुलाची गोळी जेमतेम साडेचार ग्रॅमची आणि नळी बोटभर लांब. तिथे दारू झटकन पेटली नाही तर दाब चढतच नाही. उलट पिस्तुलाची दारू रायफलमध्ये भरली तर रायफल झाडणाऱ्याच्या तोंडावर फुटू शकते.

इथे पहिला बार फुसका गेला. एवढ्या कमी जोरावर स्लाइड आपोआप मागे जात नाही. आजोबांनी ती हाताने ओढली आणि पुढचं काडतूस आत गेलं. ते खरोखरच कंपनीचं होतं. फुसक्या बारानंतर पिस्तूल खाली करून नळी तपासायची असते, पण वरातीच्या बँडमध्ये ते कोण पाहणार?

न्यायालयात माझी साक्ष झाल्यावर आजोबा बाहेर ओट्यावर भेटले. आडनावावरून मराठी ओळखून म्हणाले, “बाई, भरणाऱ्यानं तर सांगितलं होतं, माल चांगला आहे.”

“दारू चांगलीच होती आजोबा. फक्त दुसऱ्या बंदुकीची होती. आणि परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हाच आहे.”

ते जरा घुटमळले. “त्यातली निम्मी माझ्या भाच्यानं नेली होती. त्याच्याकडेही बत्तीसच आहे.”

तपास अधिकारी अजून आवारातच उभे होते. मी आजोबांना थांबायला सांगितलं आणि त्यांना हाक मारली.