तालुक्याच्या जिममधलं वजन

बसस्टँडमागच्या गाळ्यात आता काचेच्या दाराची जिम असते. मंद उजेड, मोठी गाणी आणि दर तासाचे वेगळे पैसे, असा व्यायाम न्यूयॉर्कच्या सोलसायकल या जागेवरच्या सायकलींचे वर्ग घेणाऱ्या कंपनीनं 2006 साली विकायला काढला. तोच थाट झिरपत आपल्याकडं आला, फक्त इथं फी वर्षाची एकरकमी घेतात. जिमचं नाव छापलेला टी-शर्ट घालून पोट्टे वरातीतही नाचतात. फी भरलेली चारचौघांत दिसली पाहिजे ना!

दिसू द्या. पण पैसे मोजण्याआधी संध्याकाळी सातला एक चक्कर मारा, तेव्हा व्होल्टेज पडतं. ट्रेडमिलचा पट्टा अडखळत असेल तर एक तर स्टॅबिलायझर नाही, नाहीतर पट्ट्याखाली सिलिकॉन ऑइल नाही. कोरडा पट्टा फळीला घासतो, मोटर जास्त करंट ओढते, बोर्ड जळतं आणि मशीनवर चादर पडते. प्लग काढायला लावून पट्ट्याची कड उचला, खाली बोट फिरवा. बोट तेलकट व्हायला हवं. नुसती काळी धूळ लागली तर महिन्याचीच फी भरा.

मग रॉड. टोकाची फिरती बाही 50 मिलिमीटर जाड असेल तर तो ऑलिम्पिक रॉड, पुरुषांचा 20 किलोचा. सरळसोट, बारीक रॉड त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो, पण स्टेटसवर ‘शंभर मारले’ टाकताना तोही वीसचाच धरतात. 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या अमरावतीत आहे, तिच्या आसपास हे सांगावं लागतं! शंका असेल तर रॉड अडतीच्या काट्यावर ठेवा.

कूलर मे महिन्यात झकास. जुलैत तोच हवा आणखी दमट करतो, घाम वाळत नाही, रॉडलाही गंज धरतो.

पोलीस भरतीवाल्या मुलांनी 1600 मीटर मैदानावरच काढावेत. ट्रेडमिलवर ना वळण, ना समोरचा वारा. 7.26 किलोचा गोळाही तिथं फेकता येत नाही.

राहिला प्रोटीन पावडरचा डबा. चांगल्या व्हेच्या, म्हणजे दुधाच्या निवळीच्या पावडरच्या, डब्यातल्या एका मोठ्या चमच्यात साधारण 24 ग्रॅम प्रोटीन असतं, तेवढंच 50 ग्रॅम कोरड्या सोयावडीत. घरचं सोयाबीन मात्र नुसतं भिजवून खाऊ नका, कच्च्या दाण्यातला घटक प्रोटीन पचू देत नाही. कुकरमध्ये मऊ होईपर्यंत शिजवा. वडी स्वस्त, पण ती टेबलावर मिरवता येत नाही. डबा येतो. रिकामा झाला की त्यात तूरडाळ भरतात आणि फळीवर ठेवतात, लेबल पुढं करून.