आज बेल्ट्रेचा वाढदिवस

७ एप्रिल, रात्री

आज बेसबॉलपटू आद्रियान बेल्ट्रेचा वाढदिवस. घरात कुणाला बोलले नाही, पण सकाळी चहा ठेवताना आठवलं आणि मग दिवसभर तो डोक्यातून गेलाच नाही, म्हणून आता लिहायला बसलेय.

२०१२ ला आम्ही सांगलीहून इथे टेक्सासमध्ये अर्व्हिंगला आलो. (बाबा म्हणाले होते, इकडे आयर्विन पूल, तिकडे अर्व्हिंग गाव, म्हणजे फार लांब नाही गेलीस.) माझा डिपेंडंट व्हिसा, नोकरीची परवानगी नाही, हे सकाळी ऑफिसला गेले की घरात मी एकटी. संध्याकाळी टीव्ही लावला की टेक्सास रेंजर्स या इथल्या बेसबॉल टीमची मॅच असायचीच, बेसबॉलमध्ये एका टीमच्या सीझनला १६२ मॅचेस, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज. नियम काही कळत नव्हते. पण तिसऱ्या बेसवरचा (मैदानाच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना बेस म्हणतात) २९ नंबर, म्हणजे बेल्ट्रे, मात्र पहिल्या आठवड्यातच कळला.

ती जागाच तशी आहे. उजव्या हाताच्या बॅटरनं बॉल जोरात ओढला की तो थेट तिथे येतो, म्हणून तिला हॉट कॉर्नर म्हणतात. आपल्याकडे शॉर्ट लेगच्या पोराला निदान हेल्मेट तरी असतं, इथे नुसता ग्लोव्ह. आणि बॉल अडवून भागत नाही, तिथून फर्स्ट बेसला फेकायचा म्हणजे ९० फुटी चौकोनाचा कर्ण, १२७ फूट. बेल्ट्रेची खासियत वेगळीच होती. हळू घरंगळत येणारा बॉल दिसला की तो पुढे धावत यायचा, ग्लोव्ह नाही, उघड्या हातानं बॉल उचलायचा आणि तोल जातोय तसाच त्याच झोकात फेकायचा, आणि रनर आउट. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा उठून उभीच राहिले. दुसऱ्या दिवशी मॅच लागली तशी बाबांना व्हिडिओ कॉल लावला, इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे पहाटेचे साडेपाच, ते पुलावर फिरायला निघालेले, मी फोन टीव्हीसमोर धरला. थोडा वेळ बघून म्हणाले, "काय हात आहे गं पोराचा!" तेव्हापासून तो आमच्या दोघांचा झाला.

मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतो डोमिंगोचा, जन्म १९७९, म्हणजे माझ्याच वयाचा. १९९४ ला लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमनं त्याला करारात घेतलं तेव्हा तो १५ वर्षांचा, नियम १६ चा, कागदावर वय वाढवलेलं. हे १९९९ ला बाहेर आलं आणि क्लबला शिक्षा झाली. १९ व्या वर्षी मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये. २००१ च्या सुरुवातीला अपेंडिक्सचं ऑपरेशन बिघडलं, जखम भरेना, तरी तो त्याच वर्षी खेळायला उतरला. २००४ ला ४८ होमरन (आपल्या सिक्सरसारखा, बॉल थेट मैदानाबाहेर), एमव्हीपी म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत दुसरा, पहिला बॅरी बाँड्स. त्या जोरावर सिएटलनं ५ वर्षांचा ६४ मिलियनचा करार दिला आणि तिथल्या मोठ्या मैदानात त्याचे ५ वर्षांत मिळून १०३ च होमरन झाले. एकाच वर्षाचा चमत्कार, असं लोक धरून चालले. २०१० ला बोस्टनशी फक्त एका सीझनचा करार.

आणि मग रेंजर्स. वयाच्या ३१ नंतर. त्याचं सगळ्यात सुंदर बेसबॉल तो इथे खेळला, ८ सीझन, १९९ होमरन, त्यातले काही तर एक गुडघा जमिनीला टेकवून मारलेले. २०११ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या फायनलमध्ये, असाच एक मारला होता, आणि तीच सिरीज सहाव्या मॅचमध्ये रेंजर्सला दोनदा फक्त एक स्ट्राइक (असे तीन झाले की बॅटर आउट) हवा असताना हातातून गेली. मी ती मॅच नंतर रेकॉर्डिंगवर बघितली, शेवट माहीत असून पोटात गोळा आला. २०२३ ला टीम शेवटी जिंकली तेव्हा मी रडले, कारण त्यात तो नव्हता.

२०१५ ला नियम बदलला, आमच्यासारख्यांना वर्क परमिट मिळायला लागलं. एका इंटरव्ह्यूत तोंडावर सांगितलं गेलं की इतकी गॅप, शिवाय वय, अवघड आहे. घरी येऊन काही न जेवता पडून राहिले होते. पुढच्या वर्षी, २०१६ ला, ३७ वर्षांचा बेल्ट्रे ३२ होमरन मारत होता आणि गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम फील्डिंगचं बक्षीस, घेत होता. मला त्या उन्हाळ्यात जॉब लागला. दोन्हीचा काही संबंध नाही हे मला कळतं, पण माझ्या मनात त्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटूनच आहेत.

३० जुलै २०१७, रविवार, अर्लिंग्टनचं जुनं बिनछताचं मैदान, ते ऊन, आम्ही वरच्या स्टँडमध्ये. बॉल्टिमोरचा पिचर वेड मायली याला बेल्ट्रेनं डबल (एका फटक्यात दुसरा बेस) मारला, तिसऱ्या बेसच्याच लाइनीवरून, तिथे उभ्या मनी मचाडोच्या बाजूनं बॉल गेला. ३००० वी हिट (बॉल मारून बेस गाठला की एक हिट). डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेल्यांत इथवर पोचलेला पहिला. आउटफिल्डच्या भिंतीवरचा ३००० चा बॅनर त्याच्या पोरांनी उघडला, तो पोरांना मिठी मारत होता आणि अख्खं मैदान उभं होतं. त्याच आठवड्यात अंपायरनं ऑन-डेक सर्कलच्या (पुढच्या बॅटरनं थांबायच्या जागेच्या) चटईवर जाऊन उभा राहा म्हटल्यावर यानं चटईच स्वतःकडे ओढली म्हणून त्याला बाहेर काढलं होतं, बाबांना हा किस्सा मी तीनदा तरी सांगितला असेल.

बाबांचा सगळ्यात आवडता भाग म्हणजे त्याच्या डोक्याला कुणी हात लावलेला त्याला चालायचा नाही, आणि त्याच्या शेजारी, शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणारा एल्व्हिस अँड्रस होमरननंतर हमखास लावायला जायचा. रोज सकाळी विचारायचे, "लावला का आज हात?"

२०१८ ला तो थांबला. २१ सीझन, ३१६६ हिट्स, ४७७ होमरन. २०२४ ला हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या यादीत, पहिल्याच वर्षी, ९५.१ टक्के मतं. जुलैमध्ये कूपर्सटाउनचा सोहळा सुरू झाला तेव्हा सांगलीत रात्रीचे अकरा वाजले होते, आईनं ओरडून झालं तरी बाबा झोपले नव्हते. तो भाषण करत होता, आणि मागून डेव्हिड ऑर्टिझ, बेसबॉलचाच जुना खेळाडू, आला आणि त्याचं डोकं चोळून गेला. फोनवर बाबा एकदम ओरडले, "लावला गं, लावला!"