क्यूमधल्या संदेशाचे वय

अनेक संगणकांवर विभागून चालणाऱ्या वितरित प्रणालीत दोन सेवांच्या मध्ये क्यू, म्हणजे कामांचे संदेश साठवणारी रांग, ठेवली की प्रणालीची क्षमता वाढते, हा समज मला धोक्याचा वाटतो. क्यू अचानक आलेला लोंढा थोपवून धरते. कायमची तूट ती भरून काढू शकत नाही.

समजा, वर्कर, म्हणजे रांगेतून कामे उचलून करणारे प्रोग्राम, सेकंदाला १०० कामे उरकतात आणि ११० येऊ लागतात. तासाभरात ३६,००० कामे साचतात, म्हणजे नव्या कामाचा क्रमांक सहा मिनिटांनी लागतो. पुढे आवक ९० वर उतरली तरी हा अनुशेष संपायला आणखी एक तास जातो. विनंती करणारी सेवा ३० सेकंदच थांबणार असेल, तर ज्या कामांच्या उत्तराची वाट आता कोणीच पाहत नाही, अशाच कामांवर वर्कर जवळजवळ सारा वेळ राबत राहतात, आणि रीट्रायमुळे, म्हणजे उत्तर न आल्याने तीच विनंती पुन्हा पाठवली गेल्यामुळे, तीच कामे पुन्हा रांगेच्या शेवटी येऊन उभी राहतात. वर्करचा वेग मात्र या काळात उत्तमच दिसतो.

म्हणून क्यूची कमाल लांबी आधीच ठरवावी. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार रांगेची सरासरी लांबी म्हणजे आवकेचा वेग गुणिले सरासरी प्रतीक्षा. तेव्हा पाच सेकंदांहून अधिक थांबणे परवडत नसेल, तर वरच्या उदाहरणात मर्यादा साधारण ५०० कामांची येते. त्यापुढचे काम तत्काळ नाकारावे किंवा पाठवणाऱ्याला वेग कमी करायला लावावा. नकार लगेच मिळाला तर पाठवणाऱ्याला दुसरा मार्ग धरता येतो, आणि याच कारणाने मी नकाराला दोष मानत नाही. डॅशबोर्डवरही संदेशांच्या संख्येआधी सर्वांत जुन्या संदेशाचे वय दाखवावे, कारण ५०० संदेश हा आकडा वर्करचा वेग कळल्याशिवाय काहीच सांगत नाही.

काम हाती घेतल्यावरही घड्याळ चालूच असते. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू-सेवेत वर्करने उचललेला संदेश, वेगळी मुदत दिली नसेल तर, ३० सेकंद इतरांपासून लपलेला राहतो. तेवढ्यात काम होऊन तो काढून टाकला गेला नाही, तर दुसरा वर्कर तोच संदेश उचलू शकतो. त्यामुळे तेच काम दोनदा झाले तरी, उदाहरणार्थ, खात्यातून पैसे एकदाच वळते होतील, अशी रचना वर्करमध्येच हवी. वारंवार फसलेले संदेश त्यांच्यासाठी वेगळ्या नेमलेल्या डेड लेटर क्यूत जातात. तिथला साठवणकाळ मूळ क्यूपेक्षा जास्त ठेवावा, कारण एसक्यूएसच्या स्टँडर्ड (क्रमाची हमी न देणाऱ्या) क्यूमध्ये संदेशाचे वय तो मूळ क्यूत आला त्या क्षणापासूनच मोजले जाते, आणि मुदत सारखीच ठेवली तर तपासणीला वेळ मिळण्याआधीच तो पुसला जाऊ शकतो.