तुम्ही विचारलंत म्हणून: आधीच का नाही काढलं?

"कॅन्सरमुळे स्वरयंत्र शेवटी काढावंच लागलं ना? मग आधीच का नाही काढलंत? रेडिएशनचे हाल कशाला?" भेटेल तो हेच विचारतो. दर वाक्याला गळ्याच्या छिद्रावर अंगठा दाबून आत बसवलेल्या व्हॉल्व्हमधून बोलायचं, त्यात लांबलचक उत्तर देववत नाही. म्हणून लिहितो.

अडाणीपणा केलेला नाही. 1991 साली अमेरिकेतला स्वरयंत्राच्या कॅन्सरच्या 332 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार वाढलेला असूनही किमो आणि रेडिएशनच्या गटात 64 टक्के जणांचं स्वरयंत्र वाचलं, आणि दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण थेट ऑपरेशनवाल्यांइतकंच निघालं. डॉक्टरांनी दोन्ही वाटा समजावल्या. आवाज राहील ती मी धरली. गाठ परत आली. मी उरलेल्या 36 टक्क्यांत निघालो.

आता हालांचं. रेडिएशन घेतलेल्या जागेचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम लवकर भरत नाही. ऑपरेशननंतर नाकातल्या नळीवर होतो. एका सकाळी मानेवरचं ड्रेसिंग ओलं लागलं. घाम असेल म्हणून हात लावला, तर बोटांना चिकट तार आली. लाळ. मी गिळत होतो ते मानेतून बाहेर येत होतं. सिस्टर गॉज बदलून गेल्या की गिळायचीच धास्ती. थुंकी तोंडात धरून बसायचो, कधीतरी गिळली जायचीच, की मानेला पुन्हा ओल. श्वास नाकातून नाही, त्यामुळे घाण वास मला यायचा नाही. तो बायकोच्या चेहऱ्यावरून कळायचा. शेवटी छातीचा स्नायू वर फिरवून ती वाट बुजवली.

तेव्हा मीही म्हणायचो, आधीच काढलं असतं तर टाके न भाजलेल्या मांसात पडले असते. खरंच आहे ते. पण निर्णय घेणाऱ्या त्या माणसाला गाठ परत येणार हे कोण सांगणार होतं? आणि मधली वर्षं? घोगऱ्या आवाजात का होईना, मुलीशी फोनवर कडाकडा भांडलो, आईच्या शेवटच्या आजारपणात तिला हाक मारली, तिने ओ दिली. ती वर्षं वाया गेली म्हणणाऱ्याशी मी आजही वाद घालेन.

रात्री छिद्रात कफ दाटतो, बायको उठून सक्शन लावते, तेव्हा मात्र तुमचाच प्रश्न मी स्वतःला विचारतो. सकाळी पुन्हा वाटतं, केलं ते बरोबर केलं.